नवतप्यातला चिखलदरा

चिखलदरा,
मंगळवार, २८ मे २०२४

प्रिय बबे,

शनिवारी रोहिणी लागली आणि नवतपा, कडक उन्हाचे ते नऊ दिवस, सुरू झाला. तिकडं कॅल्गरीत तुझ्या कानावर हा शब्द पडून किती वर्षं झाली असतील! गेल्या आठवड्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि शनिवारीच तिथल्या कलेक्टरांनी एकशे चव्वेचाळीस कलम लावलं, ३१ तारखेपर्यंत. दंगलीपायी लागणारं कलम उन्हापायी लागलेलं आपण लहानपणी कधी ऐकलं होतं का गं? कामावरच्या माणसांना सावली अन् पाणी द्या, भर उन्हात क्लास घेऊ नका, असं त्यात सांगितलंय. धाकटा भाऊ अकोल्यालाच असतो. परवा फोनवर म्हणाला, "बाई, सात वाजले तरी भिंतीले हात लावता येत नाही. कूलरबी गरम हवा फेकून राह्यला."

आणि इकडं मी पहाटे उठून पायाशी असलेली चादर अंगावर ओढून घेते. चिखलदरा अकराशे मीटरवर आहे, त्यामुळं खालच्यापेक्षा पारा बराच उतरलेला असतो. दुपारी इथंही ऊन लागतं, डोकं दुखतं, पण चार वाजले की दरीतून वारा सुटतो आणि माणूस माणसात येतो. घरात कूलर नाही, पंखा आहे. आपल्या दर्यापूरच्या घरी कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर धरायचा, आठवतो? खाऱ्या पाण्यामुळं दरवर्षी ताट्या बदलाव्या लागायच्या. आई त्या काढून अंगणात आपटायची तेव्हा मीठ झडल्यासारखं झडायचं.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न होते. सध्या कसं चाललंय, ते बारीकसारीक सगळं लिही, हा एक; आणि पुढच्या वर्षी मुलांना घेऊन यायचं तर कोणत्या महिन्यात येऊ, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात आहे, म्हणून आधी बारीकसारीकच सांगते.

काल दहावीचा निकाल लागला. दुपारी एक वाजता ऑनलाइन. आमच्या गावात रेंज असली तर असते, आणि आसपासच्या पाड्यांवर तर बहुतेक ठिकाणी नसतेच. म्हणून बारा वाजल्यापासूनच माझ्या ओट्यावर पोरं जमायला लागली. काही जण घाटातल्या खालच्या वळणावर जाऊन थांबले, तिथं मोबाइल लागतो म्हणून. एक पोरगी भावाच्या गाडीवर मागं बसून आली. हात पुढं करून सीट नंबर दाखवला, तळहातावर पेनानं लिहिलेला. तिच्या बोटांची पेरं काळपट पडली होती. तेंदूपत्त्यानं. पहाटे चारला उठून आईबरोबर पानं तोडून आली होती, पुडे बांधले होते, मग आंघोळ करून निकालाला. सत्तर पानांचा एक पुडा, आणि असे हजार पुडे झाले की एक गोणी. पुड्यातली पानं कोवळी, अखंड आणि सारख्या आकाराची लागतात. भोक पडलेलं, किडीनं खाल्लेलं पान फडावरचा मुनशी बाजूला काढतो. पान उन्हाच्या आधी तोडायचं, घरी आणून सावलीत बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फडावर पोचवायचे. घरातली सगळी माणसं बसल्याशिवाय हे उरकत नाही. पोरगी पास झाली. चांगल्या मार्कांनी. भाऊ म्हणाला, "आता अकरावी परतवाड्याले." मी तिच्या हातावर साखर ठेवली, दुसरं गोड घरात नव्हतं.

हा सगळा हंगाम आता संपत आलाय. तुला मोहाचं सांगायचं राहिलं, ते मार्च-एप्रिलमधलं. होळीला इथली सगळी कोरकू माणसं घरी येतात, कुठंही कामाला गेलेली असली तरी. परतवाड्याच्या वीटभट्ट्यांवरून, अमरावतीच्या बांधकामांवरून. पाच दिवस होळी चालते, ढोल-बासरी, बायका रस्त्यावर उभ्या राहून फगवा मागतात. ती उरकली की मोह. रात्रभर फुलं गळतात, पहाटे अंधार असतानाच बायका टोपल्या घेऊन निघतात. मी गेले होते शेजारच्या कोरकू काकूंबरोबर. अंधारात झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर, खांद्यावर टपटप पडत असतं. फूल पिवळट पांढरं, हातात घेतलं की मऊ अन् रसानं चिकट. वास इतका दाट की चहा न घेता आलेल्या माणसाला पोटात ढवळावं. काकू वाकून दोन्ही हातांनी वेचत होत्या आणि मधूनच कान देऊन ऐकत होत्या. "अस्वल येतं बाई," म्हणाल्या, "त्याला पण हेच पाहिजे." दरवर्षी मोहाच्या दिवसांत कुणी ना कुणी अस्वलाच्या तावडीत सापडतं. तरी पोटासाठी जावं लागतं. उजाडल्यावर आम्ही परत फिरलो. फुलं अंगणात पसरली की तीन-चार दिवसांत मनुक्यांच्या रंगाची होतात. काही घरात भाकरीत, लाडवात जातात, काहींची दारू निघते, उरलेली व्यापाऱ्याकडं.

या मोहापायीच जंगलाला आगी लागतात हेही खरं आहे. झाडाखालचा पाचोळा झाडून स्वच्छ केला की फुलं नीट दिसतात. झाडण्यापेक्षा काडी लावणं सोपं. वारा फिरला की ती आग मग कुणाच्या हातात राहत नाही. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याच्या आधी जाळरेषा काढून ठेवतात, म्हणजे जंगलात ठरलेल्या पट्ट्यातलं गवत-पाचोळा आधीच जाळून जमीन उघडी करायची, आग आली तर तिथं येऊन थांबते. एप्रिलमध्ये एका रात्री देवी पॉइंटच्या अलीकडून समोरच्या डोंगरावर आगीची वाकडी रेघ दिसत होती. पर्यटक मोबाइलवर फोटो काढत होते. मला मात्र तिथं असलेल्या माणसांचं वाटत राहिलं. आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा आग विझवायच्या रोजंदारीवर आहे. पाठीवर ब्लोअर, हातात ओली फांदी, पायात साध्या चपला. रात्रभर पाचोळा फुंकत आगीच्या पुढं पुढं चालायचं. सकाळी आला तेव्हा भुवया करपलेल्या. आई ओरडली तर म्हणाला, "विझली ना पण." बबे, वाघाचे फोटो सगळे पाहतात. वाघाचं घर ज्यांनी शाबूत ठेवलं त्यांचा फोटो कधीच कुठं छापून येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पाण्याचं. हे मन लावून वाच, कारण याच्याशी तुझामाझा संबंध आहे.

विदर्भात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या जागांमध्ये चिखलदऱ्याचं नाव वर असतं. वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास, अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट. जुलै-ऑगस्टमध्ये इथं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. आणि त्याच गावात मे महिन्यात माणसं नळाच्या तासाची वाट पाहतात. कारण उघड आहे. गाव डोंगराच्या अगदी माथ्यावर, खाली काळा पाषाण, वर वीतभर माती. पडलेलं पाणी उतारावर टिकत नाही; उत्तरेला सिपना, गडगा, खंडू, खापरा या नद्यांमधून तापीकडं जातं, दक्षिणेला पूर्णेकडं. माथ्यावर राहतात ते छोटे तलाव. शक्कर तलाव, कालापाणी, बीर तलाव. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांचा तळ उघडा पडायला लागतो.

आमच्याकडं सध्या पाणी दिवसाआड येतं, कधी दोन दिवसांआड. आलं की पहिल्यांदा प्यायचं गुंड, मग स्वयंपाकाचं, मग कोठ्या. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं जास्वंदीला, आंघोळीचं फरशीला, फरशीचं संडासात. वेळीच शिकावं लागतं. आता मला कुठं नळ टपकताना ऐकू आला तर झोप लागत नाही. आणि तरी आम्ही गावातले, म्हणजे सुखी. खडीमलचं नाव तू पेपरात वाचलं असशील. टँकर येतो आणि पाणी विहिरीत ओततो, मग बाया-माणसं काठावरून दोरीनं ओढून घेतात. ज्याची दोरी लांब, ज्याचा हात चपळ, त्याला जास्त. तालुक्यात अशी आणखी गावं आहेत, दरवर्षी यादीत नावं असतात. आणि ऑगस्टमध्ये याच गावांतल्या शाळेत जायचं तर नाल्याचं पाणी उतरेपर्यंत थांबावं लागतं.

आता आठव, दर्यापूरला आपल्या वाड्यातल्या हापशीचं पाणी. खारपाणपट्ट्यातलं. तुरीची डाळ शिजायची नाही, चहा फाटायचा, साबण लावला तर केस चिकट व्हायचे. गोडं पाणी बैलगाडीवरच्या टाकीतून विकत यायचं आणि तुझी आजी ते फक्त पाहुण्यांना द्यायची. मग शहानूरचा नळ आला. केवढा आनंद झाला होता! अंजनगावच्या वर धरण, तिथून दर्यापूरपर्यंत नळ. तिकडं अकोट-तेल्हाऱ्याला तसंच वान धरणाचं पाणी. शहानूर काय, वान काय, दोन्ही नद्या याच डोंगरातून उतरतात, मेळघाटच्या जंगलातून. म्हणजे आपली डाळ ज्या पाण्यात शिजली ते पाणी या माथ्यावर पडलेल्या पावसाचं. तेव्हा आपल्याला हे कुणी सांगितलं नाही. भूगोलाच्या पुस्तकात सातपुडा होता, आपल्या नळाच्या तोटीत तो आहे हे नव्हतं. मी आता माझ्या वर्गात नकाशा काढून हे शिकवते. खालच्या गावांनी पाणी प्यावं, त्यात माझं काही म्हणणं नाही. खारं पाणी पिऊन माणसांच्या किडन्या जातात ते मी पाहिलंय. पण ज्या डोंगरावरून ते येतं तिथल्या बाईनं विहिरीच्या काठावर रेटारेटी करावी, हे मला पटत नाही. डोंगर-उतारावर चर खणले, नाल्यांना बांध घातले, जुने तलाव गाळ काढून खोल केले, तर माथ्यावरही पाणी थांबतं. कुणाला ठाऊक नाही असं नाही.

जुन्या माणसांना तर चांगलंच ठाऊक होतं. गावापासून जवळच गाविलगड आहे. १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीनं तो पक्का बांधून घेतला, त्याच्या आधी गवळ्यांची गढी होती म्हणतात. १८०३ च्या १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं भोसल्यांकडून तो घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. पाहुण्यांना वाटाडे हे सगळं सांगतात. मी मात्र पोरांना घेऊन जाते ती तलाव दाखवायला. किल्ल्याच्या आत तलाव आहेत, दगडांनी बांधलेले, उतार पाहून एकाखाली एक. वरच्याचं सांडलेलं खालच्यात. परवा गेलो तेव्हा एकात अजून पाणी होतं, हिरवं झालेलं, काठावर सांबराच्या खुरांचे ताजे ठसे. इतक्या उंचीवर शिबंदी, घोडी, हत्ती घेऊन राहायचं तर पाण्याची बेगमी आधी, तटबंदी मागून, हे त्यांना कळत होतं.

आणि आता सुट्टीतली गर्दी. शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूरच्या गाड्यांची रांग घाटापर्यंत लागते. लोक उन्हानं कासावीस होऊन येतात, येऊ देत बिचारे. संध्याकाळी वाऱ्यात उभं राहून कणीस खातात, लेकरांना पंचबोल पॉइंटवर हाका मारायला लावतात, आणि रात्रीतून परत. त्यांचं हसू पाहून मलाही बरं वाटतं. इंग्रजांच्या वेळी इथं साहेबांचे बंगले होते, वऱ्हाडचा कारभार उन्हाळ्यात वर यायचा. तेव्हा थंड हवा साहेबाची होती, आता मोटारसायकलवर आलेल्या जोडप्याचीही आहे, हे चांगलंच झालं. पण बाटल्या, ताटल्या, वेष्टनं दरीत फेकतात ते बघवत नाही. शाळेची पोरं घेऊन आम्ही दर रविवारी संध्याकाळी गोळा करतो, सोमवारी पुन्हा तेवढंच. हॉटेलांना टँकर येतात आणि खोल्यांमध्ये शॉवर चालतात. बाथरूममध्ये एक साधी पाटी लावली पाहिजे, की हे पाणी कुठून आलं. लोक वाईट नसतात गं, त्यांना माहीत नसतं.

काचेच्या पुलाबद्दल तू विचारलंस. हो, गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा स्कायवॉक सिडकोनं बांधायला घेतलाय, ४०७ मीटरचा. अजून पुरा झालेला नाही. झाल्यावर गर्दी आणखी वाढेल, रोजगारही वाढेल. माझ्या मनात एकच येतं, तेवढ्या माणसांना लागणारं पाणी कुठून आणणार.

गवळणबाई सकाळी दूध घेऊन येते, मोथा गावची. उन्हाळ्यात दूध निम्म्यावर येतं. "चारा नाही ताई, म्हशी आटल्या," म्हणते. तरी खवा करतातच, परतवाड्याच्या मिठाईवाल्यांना जातो. तिच्या घरी एकदा बसले होते भट्टीपाशी. मोठी कढई, लाकडाचा जाळ, आणि तिचा मुलगा लांब दांड्याचा खुरपा घेऊन दूध हलवत होता. एकदाही हात थांबला नाही. थांबला की तळाला लागतं. दूध आटत आटत दाणेदार झालं, कडेनं तूप सुटायला लागलं, तेव्हा कढई खाली उतरवली आणि मगच त्यानं घाम पुसला. गरम खवा पळसाच्या पानावर, वर साखर भुरभुरून मला दिला. तुझी फार आठवण आली.

घरात वाळवणं चालू आहेत. सासूबाईंनी कुरडया घातल्या, शेवया झाल्या, काल दिवसभर सरगुंडे वळले, काडीवर गुंडाळून. आमरसाशी सरगुंडे खायला पाहुणे येणार आहेत. इथं अडचण एकच, वांदरं. गच्चीवर लुगडं अंथरून कुरडया टाकल्या की पाचव्या मिनिटाला कठड्यावर काळी तोंडं रांगेनं बसलेली. म्हणून कुणीतरी काठी घेऊन राखण बसायचं. मुलगा पुस्तक घेऊन बसतो. आपण दोघींनी शाळेच्या ग्रंथालयातून आणून वाचलेलं चितमपल्लींचं 'रानवाटा' सध्या त्याच्या हातात आहे. चितमपल्ली नोकरीत मेळघाटात होते, हे सांगितल्यापासून तो प्रत्येक पान वाचून खिडकीतून बाहेर बघतो. जेवायला कैरीचा तक्कू, कांदा, ज्वारीची भाकर, ताक. भाज्या परतवाड्याहून येतात आणि घाट चढेपर्यंत सुकतात, त्यामुळं या दिवसांत आम्ही डाळी अन् वाळलेल्या भाज्यांवरच असतो.

जंगल सध्या अगदी उघडं आहे. सागाची पानं झडून गेलीत, लांबवर आरपार दिसतं. बहाव्याचे पिवळे घोस तेवढे लोंबतायत. पण या उघड्या जंगलाचं एक सुख आहे: रानपिंगळा दिसतो. जगातून नाहीसं झालं असं ज्याला धरून चालले होते ते हे छोटं घुबड. १८८४ नंतर एकशे तेरा वर्षं कुणी पाहिला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला, आणि त्यानंतरच्या शोधात आपल्या मेळघाटातही सापडला. इतर घुबडांसारखा तो दिवसा लपून बसत नाही. सकाळी आठ-साडेआठच्या उन्हात निष्पर्ण सागाच्या फांदीवर बसलेला मी स्वतः पाहिला. मुठीएवढा जीव, पांढरं स्वच्छ पोट, शेपूट झटकत इकडंतिकडं बघत होता. पावसाळ्यात आलेल्या पाहुण्याला तो पानांच्या दाटीत कुठला दिसायला.

आणि आता गुरुवारचं, बुद्धपौर्णिमेचं. त्या रात्री वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसू देतं, निसर्गानुभव म्हणतात त्याला. ऑनलाइन अर्ज करावा लागतो. यंदा आम्हा दोघांचा नंबर लागला. दुपारी नेऊन सोडतात, दुसऱ्या दिवशी सकाळी आणायला येतात. भडक कपडे नको, अत्तर नको, बोलायचं नाही, खाली उतरायचं नाही. सोबत एक वनमजूर होते, साठीकडं झुकलेले कोरकू काका. पाणवठा म्हणजे सिमेंटची बशी, खोलगट, सौरपंपावर भरणारी. हाही माणसानंच भरलेला, कारण नाल्यातल्या झिरी आटल्यात. ऊन उतरलं तशी आधी मोरं आली, मग माकडं. अंधार पडता पडता सांबराची मादी पिल्लाला घेऊन आली, पाण्यापासून वीस पावलांवर थांबली, आणि अर्धा तास तशीच उभी राहिली. तहान लागलेली, पाणी समोर, तरी कान फिरवत उभी. मग एकदम पुढं आली, प्यायली, गेली. चंद्र वर आल्यावर रानगवे आले, पाच. त्यांच्या पिण्याचा आवाज मचाणापर्यंत येत होता. मध्यरात्रीनंतर अस्वल, पाठीवर पिल्लू. वाघ आला नाही, पण पहाटेच्या सुमारास लांब कुठंतरी सांबर ओरडलं, तेव्हा काकांनी माझ्या मनगटावर बोट टेकवलं आणि त्या दिशेनं मान केली. आम्ही सगळे श्वास धरून बसलो. काका नंतर हळूच म्हणाले, त्यांचं गाव आतल्या जंगलात होतं, ते उठवून खाली वसवलं. आता तिथं गवत आहे, गवे चरतात. "जनावर सुखी झालं," एवढं बोलले आणि थर्मासमधला चहा मला दिला. स्वतःच्या सुखाचं काही बोलले नाहीत. मलाही विचारवेना.

मेळघाट १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाला, महाराष्ट्रातला पहिला. पन्नास वर्षं झाली यंदा. बोरी, कोहा, कुंड, वैराट, पस्तलाई अशी कितीतरी गावं त्यापायी उठली. वाघ राखायचा तर आतलं जंगल मोकळं हवं, हे मी मानते. पण पायविहीरसारखं गाव पाहिलं की वाटतं, माणूस ठेवूनही जंगल राखता येतं. अचलपूर तालुक्यातलं हे छोटं गाव. वनहक्क कायद्यानं त्यांना आजूबाजूच्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर त्यांनी झाडं वाढवली, चराई बंद ठेवली, सीताफळं मुंबईपर्यंत विकली, तेंदूपत्ता ठेकेदाराला न देता स्वतः गोळा करून विकला. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलांना घेऊन आलीस की तिथं आपण नक्की जाऊ. गावातली माणसं हिंडून दाखवतात.

तर कधी येऊ, याचं उत्तर: मे महिन्यात ये. सगळे तुला सांगतील की चिखलदरा पहायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये, धबधबे, धुकं, हिरवळ. ते सगळं खरं आहे आणि सुंदर आहे, पण ते कुणीही पाहून जातं. तुझ्या मुलांनी शहानूरचं पाणी प्यायलेल्या आईचा डोंगर कोरडा असतानाही पाहावा असं मला वाटतं. नळाच्या वेळी उठावं, माझ्याबरोबर गुंड भरावं, गच्चीवर वांदरं हाकलावी, कोरकू पोरांबरोबर टेंभरं वेचून खावी.

यायचं कसं ते आताच सांगून ठेवते. अमरावतीहून परतवाड्याची एसटी तासातासाला असते, तिथून घाटाची गाडी. मुलांना घाट लागत असेल तर पुढच्या सीटवर बसव आणि लिंबू जवळ ठेव. अकोल्याहून आलीस तर भाऊ दर्यापूर-अंजनगाव-परतवाडा असा आणून सोडेल, वाटेत आपल्या वाड्यापाशी थांबता येईल. वाडा पडलाय, पण हापशी अजून आहे. सामान कमी आण, चादर माझ्याकडं आहे. येताना सौरदिवे तीन-चार मिळाले तर आण, टिकाऊ. पाड्यांवरच्या दहावीच्या पोरांना रात्री अभ्यासाला लागतात, वीज जाते तेव्हा.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमा १२ मे ला आहे, सोमवारी. त्या बेतानं तिकिटं काढ. मचाणाच्या अर्जाला ओळखपत्र लागतं आणि जागा लगेच भरतात, म्हणून तुझ्या अन् जावईबापूंच्या कागदांच्या प्रती मार्चच्या आत मला पाठव. मुलांचं वय किती पूर्ण झालं तेही कळव. लहानांना मचाणावर घेत नाहीत, ते माझ्या सासूबाईंकडं राहतील, त्यांना मी आत्ताच सांगून ठेवलंय.

तुझीच,
छबी